फॅम्प्रिडिन १० मि.ग्रॅ.: पायांची गोळी, आजाराची नव्हे

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) म्हणजे शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर उठतात तो आजार. त्याच्या रुग्णाचं चालणं सुधारावं म्हणून दिली जाणारी ही गोळी. पत्रकात 'पोटॅशियम चॅनल ब्लॉकर' असं वाचलं की काही घरांत केळी आणि शहाळं बंद होतं. खुशाल खा की! गोळी अडवते ते पेशीच्या पडद्यातलं दार, ताटातल्या पोटॅशियमशी तिचं भांडण नाही. दुसरा समज मात्र घातक आहे: ही गोळी रोगप्रतिकारक पेशींनाही गप्प करते, तेव्हा आजार रोखणारं ते महागडं इंजेक्शन आता कशाला?

तो समज अगदी हवेतून आलेला नाही. टी पेशींवर (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) पोटॅशियमची दारं असतात हे १९८४ साली पॅच क्लॅम्प पद्धतीने, म्हणजे पेशीच्या पडद्यातून जाणारा विजेचा प्रवाह मोजून, दिसलं. त्यातलं मुख्य दार म्हणजे केव्ही १.३. टी पेशी चेतली की कॅल्शियम आत शिरतं. त्याच्या धन प्रभारामुळे पेशीच्या आतली ऋण बाजू फिकी पडली, तर पुढचं कॅल्शियम येईनासं होतं. केव्ही १.३ मधून पोटॅशियम बाहेर जातं म्हणून ही आवक टिकते आणि पेशी आयएल-२ सारखी, टी पेशींना वाढायला लावणारी रसायनं बनवत राहते. स्वस्थ टी पेशीवर अशी दारं काही शे असतात, चेतलेल्या इफेक्टर मेमरी पेशीवर (आधीची ओळख ठेवून हल्ल्याला तयार असलेली टी पेशी) दीड हजारांच्या घरात. एमएस रुग्णांच्या ज्या टी पेशी मायलिनवर उठतात, त्यांच्यातही हीच वाढ २००३ मध्ये आढळली. समुद्रफुलाच्या विषावरून घडवलेलं डॅलाझाटाइड नेमकं हे दार अडवतं. सोरायसिसच्या रुग्णांना ते आठवड्यातून दोनदा, ३० किंवा ६० मायक्रोग्रॅम, कातडीखाली टोचून पाहिलं गेलं. पण ते चाचणीतलं औषध. केमिस्टकडे त्याची चौकशी करू नये.

फॅम्प्रिडिनही केव्ही १.३ अडवतं, पण प्रयोगशाळेत, आणि त्याला सुमारे २०० मायक्रोमोलर इतकी तीव्रता लागते. १० मि.ग्रॅ.च्या गोळीने रक्तात जास्तीत जास्त २० ते ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर औषध येतं, म्हणजे पाव मायक्रोमोलरच्या आसपास. शेकडो पटींची तफावत. इतक्या कमी औषधाने मज्जातंतूवर तरी नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांत वाद आहे. मायलिन उतरल्यावर उघडी पडलेली पोटॅशियमची दारं बंद होतात आणि विरून जाणारा संदेश पुढे सरकतो, हे नेहमीचं स्पष्टीकरण. तेव्हा आजार रोखणारं औषध या गोळीच्या भरवशावर सोडू नका.

अमेरिकेत तिला जानेवारी २०१० मध्ये मंजुरी मिळाली. दोन मुख्य चाचण्यांत गोळी घेणाऱ्या ३५ आणि ४३ टक्के रुग्णांचं चालणं सातत्याने सुधारलं, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ८ आणि ९ टक्के. ज्यांना लागू पडली त्यांचा वेग सरासरी पाव पटीने वाढला. बाकी निम्म्याहून जास्त लोकांना खास फरक नाही. म्हणून मोजल्याशिवाय गोळी चालू ठेवणं म्हणजे पैशांची माती.

घरातल्या पडवीत किंवा लांब खोलीत २५ फूट (७.६२ मीटर) मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ ओढा. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे अंगण निसरडं असतं, तिथे ही चाचणी नको. तीच चप्पल, तीच काठी, सकाळची तीच वेळ. सुरक्षितपणे जितकं भरभर जमेल तितकं चालायचं, मोबाइलवर सेकंद लावायचे, दोनदा चालून सरासरी काढायची. गोळी सुरू करण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे हवेत, नंतर दोन आठवड्यांनी पुन्हा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी घेतलेला आकडा धरू नका, अंग तापलं की एमएसचे पाय तसेही ढिले पडतात.

मात्रा एकच: १० मि.ग्रॅ., दिवसातून दोनदा, बरोबर १२ तासांच्या अंतराने. युरोपचं पत्रक रिकाम्या पोटी सांगतं, अमेरिकेचं कसंही चालेल म्हणतं. आम्ही रिकाम्या पोटाच्या बाजूने, कारण जेवणासोबत रक्तातला कळस थोडा वर जातो. गोळी हळूहळू सुटणारी आहे. अर्धी केली, कुटली, चावली की सगळं औषध एकदम सुटतं आणि फिट येऊ शकते. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेतल्या तरी तोच धोका. आधी कधी फिट आली असेल तर ही गोळी मुळीच नको.

सगळ्यात जास्त फसवतं ते मूत्रपिंड. ५२ वर्षांची, ५० किलो वजनाची बाई, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर हा आकडा फारसा खटकत नाही. क्रिएटिनिन क्लिअरन्सचा, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं याचा हिशोब करा: १४० उणे ५२ म्हणजे ८८, गुणिले ५०, भागिले (७२ गुणिले १.१), वर बाईसाठी गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला ४७ मिलिलिटर. मर्यादा ५० ची, म्हणजे गोळी नाही. निपाणी, चिकोडीकडून बेळगावला दाखवायला येणाऱ्यांनी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणि वजन सोबत आणावं, फेरा वाचतो.

दुकानात स्पेलिंग वाचून घ्या: फॅमोटिडिन ही ॲसिडिटीची गोळी आहे, आणि ॲमिफॅम्प्रिडिन वेगळ्याच आजाराचं. सिमेटिडिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्याने फॅम्प्रिडिन शरीरात साठतं. झोप उडणं, चक्कर, लघवीचा संसर्ग हे त्रास होऊ शकतात. लघवीला जळजळ झाली तर थांबू नका, कारण संसर्गानेही पाय जड होतात आणि वहीतला आकडा चुकतो. दोन ते चार आठवड्यांत सेकंद कमी झाले नाहीत तर पुढचं पाकीट विकत घेऊ नये.