वैद्यकीय ग्रंथालयाने लेख कुठून मागवावेत? वन नेशन वन सबस्क्रिप्शन, डेलनेट आणि आपसातली देवघेव

जर्नलचं पुढच्या वर्षाचं बजेट ठरवायची वेळ आली की खासगी किंवा ट्रस्टच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीच चर्चा होते. वर्गण्या वाढल्या, डॉलर वाढला, यादीतली चार नावं कापा. कापलेल्या जर्नलमधला लेख दोन महिन्यांनी कुणीतरी मागणारच असतो. तो कुठून आणायचा, हे त्याच बैठकीत ठरायला हवं. ग्रंथपालांना आणि त्यांच्या फाइलवर सही करणाऱ्या डीनना उपयोगी पडावा म्हणून हा आढावा.

किमतीच्या आधी मागणीची वही उघडा. आपल्याकडे मागण्या साधारण तीन प्रकारच्या येतात. आयसीयूतल्या डॉक्टरांना एकच लेख हवा असतो, पण तो आत्ता. पीजीच्या विद्यार्थ्याला थिसिससाठी वीस-पंचवीस लेख लागतात आणि आठवडाभर थांबायची त्याची तयारी असते. एखाद्या प्राध्यापकांना १९७०-८० च्या दशकातला मूळ शोधनिबंध किंवा आता बाजारात न मिळणारं पुस्तक हवं असतं. तिन्ही गरजा भागवणारा एकच मार्ग नाही, त्यामुळे आपल्या वहीत कोणत्या मागण्या जास्त आहेत यावरच निवड ठरते.

वन नेशन वन सबस्क्रिप्शन

केंद्र सरकारने प्रकाशकांची वर्गणी एकत्र भरून संस्थांना ई-जर्नल वाचायला देण्याची ही योजना. सध्या सगळ्यात जास्त बोलबाला तिचाच आहे, आणि तो रास्त आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० ई-जर्नल आणि ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा पसारा आहे. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचं केंद्र तिचं काम पाहतं. एल्सव्हिअर, वायली, स्प्रिंगर नेचर यांच्याबरोबर लिपिनकॉट आणि बीएमजेही त्यात असल्यामुळे वैद्यकीय शाखेला तिचा खरा फायदा आहे. आयसीयूतल्या तातडीच्या मागणीला याहून चांगलं उत्तर नाही, कारण लेख कुणाकडे मागावाच लागत नाही.

पण हे दार सरकारी संस्थांपुरतं उघडं आहे. खासगी आणि अभिमत वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी बाहेरच राहतात. रुग्ण तर दोन्हीकडे तेच येतात, म्हणून ही गोष्ट मला फार खटकते. आणखी एक, ही वाचनाची सोय आहे, देवघेवीची नाही. आपल्या संस्थेतले लोक वाचू शकतात, शेजारच्या रुग्णालयाला लेख पाठवण्याची मुभा त्यात गृहीत धरता येत नाही. सरकारी ग्रंथपालांनीही आता देवघेवीची गरज संपली असं समजू नये. ३० प्रकाशकांबाहेरची जर्नल, छापील पुस्तकं आणि ऑनलाइन न आलेले जुने अंक यांची गरज उरतेच.

याआधी असे प्रयत्न झाले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं एर्मेड हे कन्सोर्शियम, म्हणजे मिळून ई-जर्नल घेणाऱ्या संस्थांचा गट, २००८ मध्ये सुरू झालं, ते प्रामुख्याने केंद्र सरकारच्या आरोग्य संस्थांसाठी. खासगी महाविद्यालयांच्या दृष्टीने त्याहून बोलकं उदाहरण कर्नाटकाचं. तिथल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २००३ मध्ये हेलिनेट उभं केलं आणि संलग्न महाविद्यालयांनी मिळून ई-जर्नल घ्यायला सुरुवात केली. एकट्याने घासाघीस करण्यापेक्षा विद्यापीठाच्या पातळीवर एकत्र घेणं केव्हाही स्वस्त. आपल्या विद्यापीठाकडून आपल्या महाविद्यालयाला नेमकी कोणती जर्नल मिळतात, कोणत्या वर्षापासून आणि वसतिगृहातून उघडतात का, हे लेखी विचारून घ्या.

डेलनेट

१९८८ मध्ये दिल्लीतल्या ग्रंथालयांचं जाळं म्हणून डेलनेट सुरू झालं आणि पुढे देशभर पसरलं. सभासद संस्थाच होऊ शकते, व्यक्ती नाही. वार्षिक वर्गणी भरली की संघीय तालिकेत, म्हणजे सगळ्या सभासद ग्रंथालयांच्या एकत्रित यादीत, पुस्तक किंवा जर्नल कुणाकडे आहे ते शोधायचं आणि मागणी नोंदवायची. पुस्तक कुरिअरने येतं, लेख ईमेलने. वर्गणी एखाद्या परदेशी जर्नलच्या तुलनेत किरकोळ असते.

पुस्तकांसाठी मी डोळे झाकून डेलनेट सुचवेन. आरोग्य व्यवस्थापन, जैवसंख्याशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र या विषयांची महागडी पुस्तकं तिथे हमखास सापडतात. जर्नलच्या लेखांबाबत मात्र मन आवरावं लागतं. सभासदांमध्ये अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांचा भरणा मोठा आहे. बालशल्यचिकित्सेच्या किंवा भूलशास्त्राच्या एखाद्या खास जर्नलचा जुना खंड त्यांच्याकडे कुठून असणार? म्हणून वर्गणी भरण्याआधी वहीतल्या न मिळालेल्या दहा मागण्या घ्या आणि सभासद असलेल्या ओळखीच्या ग्रंथपालांना तालिकेत शोधायला सांगा. दहापैकी किती सापडतात ते पाहून निर्णय घ्या.

फक्त वैद्यकीय ग्रंथालयांचं जाळं

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९८५ पासून चालवलेलं डॉकलाइन इथे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याला त्यात सामील व्हायचं नाही, पण त्याची रचना पाहिली की आपल्याकडे काय कमी आहे ते लगेच कळतं. प्रत्येक ग्रंथालय आपल्याकडे कोणत्या जर्नलचे कोणत्या वर्षांचे अंक आहेत ते नोंदवतं. मागणी नोंदवली की यंत्रणा ते वर्ष असलेल्या ग्रंथालयाकडेच ती पाठवते. त्याने कारण देऊन नकार दिला की मागणी आपोआप पुढच्या ग्रंथालयाकडे जाते. फ्रीशेअर नावाच्या गटातली ग्रंथालयं एकमेकांना विनामूल्य लेख देतात. तिथेही मर्यादा आहेतच. एका जर्नलच्या गेल्या पाच वर्षांच्या अंकांमधून वर्षाला पाचच लेख मागवावेत, हे मार्गदर्शक तत्त्व १९७८ पासून पाळलं जातं.

आपल्याकडे याची जागा ग्रंथपालांच्या व्हॉट्सॲप गटांनी घेतली आहे. दुपारी मागणी टाका, संध्याकाळपर्यंत पीडीएफ हजर. या लोकांचा चांगुलपणा मोठा आहे आणि त्यावर कितीतरी थिसिस पूर्ण झाले आहेत. पण निर्णय घेणाऱ्याने यातला धोका ओळखायला हवा. ई-जर्नलच्या करारात सहसा ठरावीक वापरकर्तेच धरलेले असतात. बाहेर लेख पाठवायचा तर करारात आंतरग्रंथालयीन देवघेवीचं कलम असावं लागतं, आणि काही करारांत तेही छापील प्रत काढून पाठवण्यापुरतंच असतं. करार मोडल्याचं आढळलं तर प्रकाशक अख्ख्या महाविद्यालयाचा प्रवेश थांबवू शकतो. छापील अंकांची गोष्ट वेगळी. खासगी अभ्यास आणि संशोधनासाठी रास्त वापराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे.

म्हणून माझा आग्रह असा की गट राहू द्या, पण त्याला शिस्त लावा. जवळची पाच-सहा वैद्यकीय ग्रंथालयं निवडा, डीनच्या सहीचं साधं पत्र द्या आणि छापील खंडांची यादी एकमेकांना पाठवा. मागणी नेहमी पीएमआयडीसकट, म्हणजे पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या त्या लेखाच्या क्रमांकासकट, नोंदवा. 'ॲनल्स ऑफ सर्जरी' एवढ्यावर चुकीच्या जर्नलचा लेख येऊ शकतो, क्रमांकावर नाही. रुग्णाचं नाव किंवा केस पेपरचा नंबर मागणीत कधीही लिहू नका.

स्कॅन करतानाही डोळ्यांत तेल घालावं लागतं. जाड बांधणीच्या खंडात पानाची आतली कड शिवणीत जाते आणि तक्त्याचा शेवटचा रकाना अर्धा कापला जातो. तो रकाना औषधाच्या मात्रेचा असेल तर? ५ आणि ०.५ यांमधला ठिपका त्या सावलीत सहज हरवतो. पाठवण्याआधी तक्त्याचं प्रत्येक पान मोठं करून पाहणाऱ्या ग्रंथालयाशी संबंध जोडा, भले ते एक दिवस उशिरा देत असेल. नव्या लेखांबरोबर त्यांची ऑनलाइन पुरवणीही आठवणीने मागा, कारण उपचाराचा सविस्तर प्रोटोकॉल पुष्कळदा तिथेच असतो.

कुठेही मागणी नोंदवण्याआधी मोफत काय मिळतं ते तपासावं, हे सांगायला नकोच. २००० पासून पबमेड सेंट्रल हे मोफत लेखांचं ऑनलाइन भांडार आहे. मुंबईच्या केईएममधून १९५५ पासून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन पूर्ण खुलं आहे, तरीही त्यातले लेख लोक मागत राहतात. लेखकाला ईमेल केली तर पुष्कळदा प्रत मिळते. प्रकाशकाकडून सुटा लेख विकत घेणं महाग पडतं, पण आयसीयूतल्या एखाद्या मागणीसाठी तेवढी तरतूद बजेटमध्ये हवीच.

सरकारी महाविद्यालय असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणि त्याच्या जोडीला छापील खंडांची देवघेव पुरेशी आहे. खासगी महाविद्यालयाने आधी विद्यापीठाची सोय तपासावी, मग पाच-सहा ग्रंथालयांचा लेखी करार करावा आणि पुस्तकांची मागणी असेल तरच डेलनेट घ्यावं. पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयाला वर्गण्यांच्या मागे लागण्यापेक्षा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी केलेला लेखी करार जास्त उपयोगी पडेल.

यातलं काहीही निवडलंत तरी जागा हवी म्हणून जुने बांधीव खंड रद्दीत काढण्याचा ठराव एवढ्यात करू नका. ज्या ग्रंथालयांशी करार करणार आहात, त्यांच्या याद्यांशी आपली यादी आधी ताडून पाहा. एखाद्या जर्नलचा १९८२ चा खंड फक्त तुमच्याकडे असेल तर तो ठेवा आणि यादीत तसं ठळक लिहा. इतरांकडून मागायला तुमच्याजवळ काही देण्यासारखं लागतं, आणि लहान ग्रंथालयाजवळ देण्यासारखे बहुतेक वेळा हेच खंड असतात.