फ्रेम रेट कोसळण्यामागे बनावट ग्राफिक्स कार्ड

संगणकावरील खेळाचा फ्रेम रेट (पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या) अचानक कोसळू लागला की आपण आधी खेळाची सेटिंग, मग ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्रॅम), मग तापमान आणि शेवटी वीजपुरवठा असा दोष शोधत जातो. ग्राफिक्स कार्ड नुकतेच घेतलेले असेल, तर या सगळ्याच्या आधी ते कार्ड खोक्यावर लिहिलेलेच आहे का, हे पडताळून घ्यावे. माझ्या बाबतीत विक्रेत्याने दोष शोधण्याच्या या नेहमीच्या पद्धतीचाच फसवणुकीसाठी वापर केला, आणि इतरांवर तीच वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबी मेमरीचे कार्ड मागवले. खोका सीलबंद होता, कार्डावरचे स्टिकर व्यवस्थित होते, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही तेच नाव दिसत होते. सोबत एक सीडी होती आणि ड्रायव्हर याच सीडीवरून टाकावा, कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊ नये, अशी छापील सूचना होती. हलके खेळ व्यवस्थित चालले. मात्र मोठ्या नकाशाच्या खेळात मोकळ्या रस्त्यावर पन्नाशीच्या आसपास असणारा फ्रेम रेट गजबजलेल्या वस्तीत शिरताच दहा-बारावर येत असे, आणि टेक्स्चरचा (खेळातील वस्तूंच्या पृष्ठभागावरील चित्रांचा) दर्जा वाढवला की पडद्यावर रंगीत चौकटी उमटून खेळच बंद पडत असे.

विक्रेत्याशी संपर्क साधला तेव्हा उत्तरे अत्यंत नम्र आली. व्हर्टिकल सिंक (फ्रेम रेट पडद्याच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद करून पाहा, विंडोजचा पॉवर प्लॅन बदला, पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम बंद करा, असे आधी सांगण्यात आले. त्यानंतर रॅमची एकच पट्टी असल्याने वेग मिळत नसावा, अशी शंका काढली गेली, आणि तीही दूर केल्यावर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा संच) कमी क्षमतेचा असेल, असे उत्तर आले. यातला एकही सल्ला मुळात चुकीचा नव्हता. एकाच पट्टीवर मेमरीचा वेग खरोखर कमी पडतो आणि कमकुवत वीजपुरवठ्यामुळे कार्ड खरोखर अडखळते, म्हणूनच मला त्या सल्ल्यांचा संशय आला नाही. प्रत्येक उत्तर ‘करून पाहा आणि कळवा’ असे संपत असे, पुढचे उत्तर येण्यात वेळ जात असे, आणि वस्तू परत करण्याची मुदत उलटल्यावर ती उलटल्याचे मात्र तत्काळ कळवण्यात आले. ही दिरंगाई हेतुपुरस्सर होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खरे कारण एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाचा भार आणि तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे आकडे खेळतानाच पडद्यावर लावल्यानंतर उलगडू लागले. कार्ड तापल्यामुळे फ्रेम रेट पडत असेल, तर तापमान वर जाते आणि त्याच वेळी कार्डाचा क्लॉक (चिपचा कामाचा वेग) खाली येतो. प्रोसेसर कमी पडत असेल, तर कार्डावरचा भार घटतो, कारण त्याला कामाची वाट पाहावी लागते. इथे यापैकी काहीच घडत नव्हते. तापमान मर्यादेत होते, क्लॉक स्थिर होता, प्रोसेसर बराचसा मोकळा होता, आणि कार्डावरचा भार मात्र ९९ टक्क्यांवर खिळलेला होता. याचा अर्थ कार्ड पूर्ण ताकदीने राबत होते आणि ती ताकदच तुटपुंजी होती.

मग जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमने तपासणी केली. कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शिक्का, कंपनीच्या बोधचिन्हाच्या जागी धोक्याचा त्रिकोण, आणि चिपच्या रकान्यात जीएफ११६. अस्सल १०५० टीआयमध्ये तिथे जीपी१०७ दिसायला हवे. जीएफ११६ ही २०११ साली आलेल्या जीटीएक्स ५५० टीआयमधील चिप आहे. तिच्यात १९२ कुडा कोअर (गणना करणारे छोटे घटक) असतात, तर २०१६ च्या १०५० टीआयमध्ये ७६८. अशा जुन्या कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्रॅम) बदलून त्यात नवे नाव आणि मेमरीचा फुगवलेला आकडा भरला जातो, आणि कार्ड स्वतःबद्दल जे सांगते तेच विंडोज आपल्याला दाखवते. मेमरी प्रत्यक्षात जितकी आहे तितकीच राहते. त्यामुळे खेळाने उरलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या मेमरीत टेक्स्चर ठेवायला सुरुवात केली की चित्र फाटते आणि ड्रायव्हर कोसळतो. सीडीबद्दलच्या सूचनेचा उलगडाही इथेच झाला. या जुन्या पिढीसाठीचे मुख्य ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबले असल्याने कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकताच बिंग फुटले असते.

संगणकात बसवण्याआधीही एक खूण डोळ्यांनी दिसते, आणि माझ्या मते ती सर्वांत उपयोगी आहे. १०५० टीआयच्या पिढीतील चिपमधून ॲनालॉग चित्र बाहेर पडतच नाही, त्यामुळे या नावाच्या कार्डावर निळा, पंधरा छिद्रांचा व्हीजीए पोर्ट असेल, तर ते कार्ड बनावट समजण्यास हरकत नाही. माझ्या कार्डावर तो होता. ज्यांच्याकडे व्हल्कनवर (खेळ आणि कार्ड यांना जोडणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीवर) चालणारा एखादा खेळ आहे, त्यांनी तोही लावून पाहावा, कारण या जुन्या चिपला व्हल्कन चालत नाही.

जीपीयू-झेडचा प्रोग्रॅम मात्र अद्ययावत घ्यावा. बनावट कार्ड ओळखण्याची सोय त्यात २०१८ साली आली आणि त्याआधीच्या आवृत्त्या फक्त बदललेले नाव वाचून दाखवतात. कार्ड खोक्यातून काढताना चित्रण करावे, अनुक्रमांक त्यात स्पष्ट दिसू द्यावा, आणि जीपीयू-झेडच्या पडद्याचे चित्र त्याच दिवशी जतन करावे. चिपवरचा क्रमांक वाचण्यासाठी हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) उघडण्याचा मोह होतो, पण परत करण्याची मुदत शिल्लक असेपर्यंत स्क्रूला हात लावू नये, कारण मग ‘तुम्हीच वस्तू बिघडवली’ असे म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते. तक्रार विक्रेत्याच्या खासगी संदेशांत न ठेवता, ज्या विक्रीमंचावरून खरेदी झाली तिथे आणि पैसे ज्या माध्यमातून दिले तिथे, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदवावी. ‘फ्रेम रेट कमी मिळतो’ असे तक्रारीत लिहिल्यास पुन्हा सेटिंगचीच चर्चा सुरू होते. ‘वर्णनापेक्षा वेगळी, बनावट वस्तू पाठवली’ असेच लिहावे आणि चिपचे नाव त्यात नमूद करावे.