पीडीएफचं पान क्राफ्टसाठी इमेज करायचंय? जिम्प, इंकस्केप, पॉपलर की ऑनलाइन?

सॉफ्टवेअर निवडायच्या आधी एक गोष्ट करा, अर्धा निर्णय तिथेच होतो. पीडीएफ उघडा आणि 800 टक्के झूम करा. रेघांच्या, अक्षरांच्या कडा तरीही गुळगुळीत दिसल्या तर आतला मजकूर व्हेक्टर आहे, म्हणजे हवा तेवढा मोठा केला तरी फुटणार नाही. आणि कडांना चौकोन चौकोन दिसायला लागले तर ते पान म्हणजे स्कॅन केलेला फोटोच आहे, वरून नाव फक्त पीडीएफ. जुन्या पुस्तकांची, म्युझिक शीट्सची, जुन्या भरतकामाच्या नमुन्यांची पानं बहुतेक या दुसऱ्या प्रकारात असतात.

आता डीपीआय, म्हणजे प्रिंटच्या एका इंचात किती पिक्सेल (चित्राचे बारीक ठिपके) बसतात ते. क्राफ्टवाल्यांची सगळ्यात जास्त निराशा इथेच होते म्हणून जरा थांबून सांगते. ए4 पान 96 डीपीआयला काढलं तर 794 बाय 1123 पिक्सेल मिळतात, स्क्रीनवर छान दिसतं पण प्रिंट काढली की अक्षरं मऊ, धुरकट होतात. 300 ला तेच पान 2480 बाय 3508 होतं आणि डिकूपाज (कागदी चित्रं वस्तूवर चिकटवणं), स्क्रॅपबुक, टॅग, लेबल सगळ्याला पुरतं. अगदी बारीक रेघांचा स्टॅम्प किंवा स्टेन्सिल असेल तर 600. पण हा आकडा फाइल उघडतानाच किंवा कन्व्हर्ट करतानाच द्यायचा, कमी डीपीआयला काढून नंतर इमेज ताणली तर पिक्सेल फक्त मोठे होतात, गेलेला बारकावा परत येत नाही. स्क्रीनशॉटला माझा विरोध आहे तो याचसाठी, तो घेतो फक्त स्क्रीनवर दिसतात तेवढेच पिक्सेल.

एखाद-दुसरं पान असेल आणि त्यावर पुढे हात फिरवायचा असेल तर जिम्प, म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर. पीडीएफ उघडली की पानांच्या छोट्या चित्रांची खिडकी येते, हवी ती पानं निवडायची, रिझोल्युशनच्या चौकटीत आधीच काय आकडा आहे ते बघून 300 करायचा, आणि पानं एकाच फाइलमध्ये लेअर (एकावर एक ठेवलेले थर) म्हणून हवीत की वेगवेगळ्या इमेज म्हणून ते सांगायचं. उघडल्यावर इमेज मेनूमधला प्रिंट साइज बघा, ए4 पानाला तिथे 210 बाय 297 मिलिमीटर दिसलं पाहिजे. ते बरोबर असेल तर पॅटर्नचं माप बिघडलेलं नाही, आणि शिवणाचा किंवा कागदी डब्याचा टेम्प्लेट असेल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. जिम्पचा खरा फायदा पुढे आहे: पिवळा पडलेला कागद लेव्हल्सने (उजळ-गडद कमी-जास्त करायची सोय) पांढरा करता येतो, कडा कापता येतात, आणि कलर्स मेनूतल्या कलर टू अल्फाने पांढरं बॅकग्राउंड उडवून नुसती रेघ ठेवता येते. अवघड जातं ते फक्त मेनूंचं जंगल, पहिल्यांदा उघडणाऱ्याला दडपण येतं हे खरंय. आणि पन्नास पानं असतील तर जिम्प नको, प्रत्येक पान हाताने एक्सपोर्ट करत बसाल.

कटिंग मशीनवर काही कापायचं असेल, किंवा पानातला एकच मोटिफ उचलून भिंतीएवढा करायचा असेल, तर मी डोळे मिटून इंकस्केप हे व्हेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर सांगेन. कारण ते रेघांना रेघाच ठेवतं. मोटिफवर क्लिक करा, अनग्रुप करा, बाकीचं डिलीट करा, आणि एसव्हीजी (व्हेक्टर चित्राची फाइल) सेव्ह करा, मशीन थेट त्या रेघेवरून कापतं, इमेज ट्रेस करायची, म्हणजे पिक्सेलच्या चित्रावरून रेघा बनवून घ्यायची भानगडच नाही. पीएनजी हवी असेल तर एक्सपोर्टमध्ये फक्त सिलेक्ट केलेला भाग निवडा, बॅकग्राउंड पारदर्शक मिळतं. पण तिथे डीपीआय 96 असतो, तो बदला, नाहीतर एवढी मेहनत करून पुन्हा धुरकट प्रिंट. इंपोर्ट करताना पॉपलर-कैरोचा पर्याय घेतला तर अक्षरांचे आकार होऊन येतात, फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी रूप तसंच राहतं, फक्त मजकूर टाइप करून बदलता येत नाही. मात्र स्कॅन असलेल्या पानाला इंकस्केप काही जादू करत नाही, तो आत फोटो म्हणूनच येतो.

भरपूर पानं एकदम काढायची असतील तर पॉपलर या पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारी छोटी टूल्स, आणि त्यातलं पीडीएफटूपीपीएम. कमांड लाइन आहे, म्हणजे बटणांऐवजी ओळ टाइप करून चालवायचं, म्हणून घाबरू नका, एका ओळीत रिझोल्युशन 300, फॉरमॅट पीएनजी, कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत आणि फाइलचं नाव एवढंच सांगायचं, पानं क्रमाने नंबर लागून बाहेर पडतात. मोनो सांगितलं तर निव्वळ काळं-पांढरं मिळतं, स्टेन्सिलसाठी मस्त. याच कुटुंबातलं पीडीएफइमेजेस हे टूल स्कॅन केलेल्या पानांसाठी मला फार आवडतं, कारण ते पान नव्याने रंगवत नाही, आत ठेवलेला मूळ फोटो जसाच्या तसा बाहेर काढतं, त्यामुळे किती डीपीआय टाकू हा प्रश्नच उरत नाही. लिनक्सवर हे सहज इन्स्टॉल होतं, विंडोजवर थोडी खटपट आहे. इमेजमॅजिकही हेच काम करतं पण पीडीएफसाठी त्याला घोस्टस्क्रिप्ट हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, डेन्सिटी (म्हणजे डीपीआयचा आकडा) इनपुट फाइलच्या नावाआधी लिहावी लागते, आणि काही लिनक्सवर सुरक्षेसाठी पीडीएफ बंद करून ठेवलेलं असतं. ते आधीपासून वापरत असाल तर ठीक, मुद्दाम त्याच्या मागे लागू नका.

वर्डची फाइल असेल तर ती थेट इमेज करायला जाऊ नका. लिब्रेऑफिस रायटरमधून पीएनजी एक्सपोर्ट होते पण एका वेळी एकच पान. त्यापेक्षा ज्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट आहेत तिथूनच पीडीएफ करा, फॉन्ट फाइलमध्येच बसतात, मग वरच्यापैकी कशानेही इमेज काढा. लिब्रेऑफिस ड्रॉ पीडीएफ उघडतं आणि मजकूर बदलूही देतं, पण फॉन्ट बदलतो, ओळी तुटतात आणि देवनागरीची जोडाक्षरं तर हमखास विस्कटतात. निमंत्रण पत्रिकेचा मजकूर असेल तर जपून.

ऑनलाइन कन्व्हर्टर सोपे आहेत, फोनवरूनही होतं, पण डीपीआय निवडता येत नसेल तर तिथून निघा. आणि घरची पत्रं, सर्टिफिकेटं, मुलांची कागदपत्रं दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवू नका, हे काम आपल्या मशीनवर फुकटात होत असताना ती जोखीम कशाला.

फॉरमॅटचं थोडक्यात: रेघा आणि अक्षरं असतील तर पीएनजी, फोटो असेल तर जेपीजी चालेल. जेपीजीत काळ्या रेघेभोवती राखाडी ठिपके उमटतात आणि ट्रेस करणारं सॉफ्टवेअर त्यांनाही आकार समजतं, मग कापताना कडेला दातरे येतात.

प्रिंट काढताना फिट टू पेज बंद करून अ‍ॅक्चुअल साइज ठेवा, पानावर मापाचा चौकोन दिला असेल तर पट्टीने मोजा. कापडावर इस्त्रीने उतरवायचं असेल आणि ट्रान्सफर पेपर उलटा लागणारा असेल तर आधी इमेज आडवी फ्लिप करा, अक्षरं असताना तर विसरूच नका. आणि डिकूपाजसाठी जमलं तर लेझर प्रिंट घ्या, इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरू शकते.