एमडीनंतर कोल्हापुरातच शिकवायचंय: सरकारी कॉलेज की खासगी?

कोल्हापुरात राहून वैद्यकीय शिक्षक व्हायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात. एक सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दुसरं डी. वाय. पाटील, हे खासगी. विचारायला येणारी मुलं-मुली आधी पगाराचं विचारतात. मी त्यांना सांगते, ज्या विभागात जायचंय त्या विभागात गेल्या पाच वर्षांत रुजू झालेले सहायक प्राध्यापक आज कुठं आहेत, ते आधी शोधा. माणसं टिकतात की नाही, ते त्यावरून कळतं.

सरकारी म्हणजे एकच नोकरी नव्हे. एमपीएससीतून मिळालेली कायम जागा वेगळी आणि हंगामी ऑर्डर वेगळी. हंगामी ऑर्डरीत ‘नियमित उमेदवार उपलब्ध होईपर्यंत’ असं वाक्य असतं, ते सही करण्यापूर्वी दोनदा वाचा. मुदत संपते, मध्ये सेवेत तांत्रिक, म्हणजे नुसता कागदोपत्री, खंड पडतो, नवी ऑर्डर निघते. काम तेच, ओपीडी तीच, विद्यार्थीही तेच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमानुसार सहयोगी प्राध्यापक व्हायला सहायक म्हणून चार वर्षं लागतात, पुढं प्राध्यापक व्हायला आणखी तीन. म्हणून प्रत्येक ऑर्डर, रुजू अहवाल आणि अनुभव प्रमाणपत्र जपून ठेवा. बढतीच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

कायम झालात तरी बदली आहेच. राज्यात नवी कॉलेजं निघतात, आयोगाचं इन्स्पेक्शन आलं की जुन्या कॉलेजांतून शिक्षक तिकडं पाठवतात. आई-वडील किंवा शाळेतलं मूल कोल्हापुरात असेल तर हा सगळ्यात जड मुद्दा आहे. पुष्कळ चांगले शिक्षक पगारावर नव्हे, बदलीवर राजीनामा देतात. व्यवसायरोध भत्ता घेतला की खासगी प्रॅक्टिसही बंद.

खासगी कॉलेजात गाव सुटत नाही, ही मोठी सोय. प्रॅक्टिसची मुभा असेल तर ती करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. राजीनाम्याची नोटीस किती, वेतनवाढ कशावर, हेही लेखी हवं. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका. हजेरीची सक्ती दोन्हीकडे सारखीच: कामाच्या दिवसांपैकी किमान ७५ टक्के.

स्त्री डॉक्टरांसाठी खरा फरक मूल झाल्यावर दिसतो. कायम सरकारी नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा आणि शिवाय मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत वापरता येणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा. ही दुसरी रजा खासगीत सहसा मिळत नाही. प्रसूती रजा मात्र तिथंही कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही बंधनकारक. मुलाखतीला जाल तेव्हा पाळणाघर बघून या. कंत्राटी असाल तर सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा डॉ. कविता यादव यांच्या खटल्यातला निकाल माहीत असू द्या: कराराची मुदत संपली म्हणून प्रसूतीचे लाभ तुटत नाहीत.

आता विभागात कोण-कोण आहे, हा प्रश्न. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. सरकारी भरतीत आज बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला हे ठरवणारा आरक्षणाचा तक्ता, पाळावी लागते, स्त्रियांना प्रत्येक प्रवर्गाच्या आत ३० टक्के समांतर आरक्षण आहे. खासगीत निवड व्यवस्थापनावर असते. घराण्यात पहिल्यांदाच डॉक्टर झालेल्या मुलामुलींनी हे लक्षात घ्यावं; ओळखीपाळखी नसताना बिंदुनामावलीचा आधार मोठा असतो. पण सहायक प्राध्यापकांत मुली भरपूर आणि विभागप्रमुख मात्र सगळे पुरुष, असं दोन्हीकडे असू शकतं. विभागप्रमुखांच्या खोल्यांवरच्या पाट्या वाचून या.

माझं मत सांगते. एमपीएससीची कायम जागा मिळत असेल आणि घरच्यांची बदलीला तयारी असेल तर सरकारी घ्या, मागास समाजातून आलेल्यांनी आणि मुलींनी तर नक्कीच. नुसती हंगामी ऑर्डर हातात असेल आणि खासगीत सलग नेमणूक, लेखी अटी मिळत असतील तर आधी खासगीत जा. तिथलं मान्य पदावरचं शिकवणं अनुभवात धरलं जातं. एमपीएससीची जाहिरात आली की अर्ज तिथूनही भरता येतो.