मार्लिन आता रुगरच्या हाती: गेलेली पत परत आली का?

मार्लिन या अमेरिकी कंपनीची जुनी लिव्हर रायफल (चापाभोवतीची दांडी, म्हणजे लिव्हर, खाली-वर करून काडतूस भरायची रायफल) घ्यायला आलेला जाणकार आधी किंमत विचारत नाही. तो रायफल उजेडाकडे धरतो आणि नळीच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरला (यंत्रणा सामावणाऱ्या पोलादी पेटीला) लागून, 'जेएम' ही दोन अक्षरं शोधतो. संस्थापक जॉन मार्लिन यांच्या आद्याक्षरांचा हा छाप दिसला की त्याचा हात खिशाकडे जातो. त्या जागी 'आरईपी' हा पुढे मार्लिन विकत घेणाऱ्या रेमिंग्टन कंपनीचा छाप दिसला की तो भाव पाडून मागतो, नाहीतर रायफल परत ठेवून देतो. कारखान्याची पत कधी गेली हे इतकं उघडपणे धातूवरच ठोकलेलं असण्याचं दुसरं उदाहरण पटकन आठवत नाही. आता मार्लिनचा तिसरा काळ सुरू आहे. रायफली रुगर कंपनी बनवते आणि त्यांचा क्रमांक 'आरएम' या अक्षरांनी सुरू होतो. या रायफलींवर विश्वास ठेवायचा का, एवढाच प्रश्न आहे.

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. लोखंडकामात पत परत आली आहे, आणि काही बाबतींत हे काम जुन्या 'जेएम'पेक्षाही सरस आहे. लाकूडकाम बरंच सुधारलं आहे. किंमत मात्र पूर्वीसारखी कष्टकऱ्याच्या आवाक्यातली राहिलेली नाही.

मार्लिन १८७० साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे सुरू झाली. तिचं खरं बलस्थान म्हणजे सपाट, बंद माथ्याचा रिसीव्हर. रिकामं काडतूस वर न उडता उजव्या बाजूने बाहेर पडतं, त्यामुळे दुर्बीण सरळ नळीच्या वर, मधोमध बसते. वरून काडतूस फेकणाऱ्या जुन्या विंचेस्टरला ही सोय नव्हती. १९४८ मध्ये आलेली ३३६ आणि १९७२ मध्ये ४५-७० काडतुसासाठी नव्याने आलेली १८९५ या दोन रायफलींनी कंपनीचं नाव अमेरिकेतल्या हरणांच्या आणि अस्वलांच्या रानात घरोघरी पोचवलं. पुढे रेमिंग्टनने कंपनी विकत घेतली, तो व्यवहार जानेवारी २००८ मध्ये पूर्ण झाला. २०११ मध्ये नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला नेण्यात आलं. घसरण झाली ती इथे.

कारण समजून घेतलं नाही तर नवी रायफल तपासताही येत नाही, म्हणून इथे थोडं थांबू. नॉर्थ हेवनची यंत्रं जुनी आणि झिजलेली होती. झिजलेल्या यंत्रावर ड्रॉइंगमधलं माप जसंच्या तसं निघत नाही, आणि ती तूट भरून काढत होते तिथले फिटर. भाग धरून ठेवणाऱ्या कोणत्या फिक्श्चरखाली किती जाडीची पट्टी सारायची, कॅरिअरच्या (काडतूस उचलून नळीसमोर आणणाऱ्या भागाच्या) कुठल्या कडेवर कानस किती वेळा फिरवायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. कागदावर ते कुठेच नव्हतं. यंत्रं ट्रकमध्ये चढली, माणसं मागे राहिली. इलियनच्या कामगारांच्या हाती आली ती झिजलेली यंत्रं आणि प्रत्यक्ष भागांशी न जुळणारी ड्रॉइंगं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तिथून बाहेर पडलेल्या रायफलींना लोकांनी 'रेमलिन' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

रेमलिनचे दोष ठरलेले होते. सगळ्यात बदनाम झाली ती तिरकी माशी, म्हणजे नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण. नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी पिळून बसवतात, आणि माशीची खाच त्याच नळीवर असते. पीळ पूर्ण घट्ट झाला त्या क्षणी ती खाच बरोबर बारा वाजता यायला हवी. नळीचा खांदा केसभर जास्त उतरला तर खाच पुढे सरकते, केसभर कमी उतरला तर अलीकडेच थांबते. चांगला फिटर अशा वेळी खांदा पुन्हा बसता करतो, घाईतला माणूस नळी तशीच आवळून मोकळा होतो. दुसरा दोष लाकडाचा. दस्ता आणि रिसीव्हर यांच्यात फट, नाहीतर लाकूड धातूपेक्षा वर आलेलं. यात फक्त रूप बिघडत नाही. दस्ता रिसीव्हरच्या मागच्या जिभेवर सर्व बाजूंनी सारखा टेकलेला नसेल तर ४५-७०चा धक्का एकाच जागी बसतो आणि तिथून लाकडाला चीर जाते. तिसरा दोष काडतूस वर चढताना अडकण्याचा, आणि चौथा, लिव्हरच्या आतल्या कडा बोटं सोलून काढतील इतक्या धारदार असण्याचा. पुढे रेमिंग्टनने नवी यंत्रं आणली, शेवटच्या वर्षांतल्या रायफली बऱ्याच बऱ्या होत्या. पण एव्हाना नाव गेलं होतं.

रेमिंग्टनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सप्टेंबर २०२० च्या लिलावात रुगरने मार्लिन सुमारे ३ कोटी डॉलरना घेतली. त्यानंतर रुगरने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तिने घाई केली नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडनच्या कारखान्यात काम नव्याने उभं केलं आणि वर्षभर एकही रायफल बाजारात आणली नाही. पहिली १८९५ एसबीएल (स्टेनलेस पोलादाची, मोठ्या लिव्हरची १८९५) निघाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. फिटरच्या बोटांतली हातोटी परत मिळणार नाही हे रुगरने मान्य केलं आणि हातोटीची गरजच कमी पडेल अशी रायफल पुन्हा आखली. रिसीव्हर, लिव्हर आणि चापाखालची पट्टी घडीव पोलादातून सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कापली जाते. नळी थंड अवस्थेत हातोड्यांनी ठोकून घडवतात, त्यात गोळीला फिरकी देणारे आतले पीळ एकसारखे उमटतात. भागाचं माप यंत्रातूनच नेमकं आलं की जुळवणाऱ्याला कानस हातात घ्यावी लागत नाही.

एसबीएल हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतं ते लिव्हर खाली जाताना खरखर नसणं. नळी १९ इंची, वजन सुमारे ३.३ किलो, नळीखालच्या काडतुसांच्या नळकांड्यात ६ काडतुसं आणि नळीत १. पोलाद स्टेनलेस, दस्ता करड्या थरांच्या लाकडाचा. वरच्या पट्टीवर दुर्बीण बसते, नसेल तर मागचं कडं आणि पुढची चकाकणारी माशी आहेच. बोल्टवर (काडतूस नळीत ढकलणाऱ्या दांड्यावर) नागमोडी खोबणी कापून निकेलचा मुलामा दिला आहे. खोबणीमुळे बारीक कचरा बाजूला सरतो, मुलाम्यामुळे गंज धरत नाही. नळीच्या टोकाला ११/१६-२४चे आटे आहेत आणि त्यांवर टोपी, पण ती टोपी बार होता होता सैल होते, म्हणून दर वीसेक बारांनंतर हाताने आवळून बघा. दस्त्याखालचं गोल निशाण पूर्वी काळं-पांढरं असे, आता लाल-पांढरं आहे. जुन्या रसिकांना हे खटकतं. आम्हाला हा बदल योग्य वाटतो, कारण कोणती रायफल कोणाच्या हातची हे दुरूनही कळतं.

तरी दुकानात डोळे मिटून पैसे मोजू नका. आधी लिव्हर खाली करून नळी रिकामी आहे का ते बोट घालून पाहा, मग नळकांडंही रिकामं असल्याची खात्री करा, कारण या रायफलीत काडतुसं बाहेर काढायचा वेगळा खोका नसतो. आता रायफल एका सपाट टेबलावर उशीत धरा, रिसीव्हरचा सपाट माथा क्षितिजाला समांतर ठेवा आणि मागून एका डोळ्याने माशीकडे बघा. माशी झुकलेली दिसली तर ती रायफल नको. डोळ्यावर भरवसा नसेल तर मागचं कडं पाहा: नेम बरोबर लागावा म्हणून कडं मधोमधपासून स्पष्टपणे एका बाजूला सरकवलेलं असेल, तर नळी वेडीवाकडी पिळली गेली आहे. मग दस्त्याच्या सांध्यावरून नख फिरवा, दोन्ही बाजूंना सारखं लागलं पाहिजे.

त्यानंतर डमी काडतुसं मागून घ्या आणि नळकांडं पूर्ण भरा. लिव्हर एकदा हळू आणि एकदा झटक्यात चालवा. हळू चालवताना काडतूस कॅरिअरवर सरळ येतं का ते दिसतं. झटक्यात चालवताना एजेक्टर ते किती लांब फेकतो ते कळतं. भरण्याची उजवी झडप नव्या रायफलीत कडक असते आणि तिची कड अंगठ्याला लागते, हीच नव्या मार्लिनबद्दलची सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार आहे. शेदोनशे काडतुसं भरल्यावर स्प्रिंग नरम पडते. कड मात्र आपोआप बोथट होत नाही, ती जाणकार गनस्मिथकडून पाचेक मिनिटांत घासून घ्यावी. शेवटी घोडा अर्ध्या खाचेवर (अर्धवट मागे ओढून थांबवायच्या सुरक्षित जागी) आणून चाप ओढा, घोडा पडता कामा नये. लिव्हर किंचित उघडी ठेवूनही चाप ओढून पाहा. पूर्ण मिटल्याशिवाय चाप सुटूच नये अशी या यंत्रणेची रचना आहे. बंद लिव्हरचा हलका खुळखुळाट दोष नव्हे, पण चाप सुटण्यासाठी ती मुठीने जोरात आवळावी लागत असेल तर आतला प्लंजर नीट बसलेला नाही.

दीर्घकाळ वापरणाऱ्यांनी एक जुना आजार लक्षात ठेवावा, तो नाव बदलल्याने जात नाही. लिव्हरचं पुढचं टोक कॅरिअरच्या खालच्या बाजूला घासतं. त्या टोकाची कड धारदार असेल तर हजारो फेऱ्यांत तिथे खाच पडते, मग कॅरिअर ठरल्या उंचीवर राहत नाही आणि नळकांड्यातलं पुढचं काडतूस अर्धं बाहेर येऊन खाली रुतून बसतं. लिव्हर धड खाली जात नाही, धड वर येत नाही. जाणकार याला 'मार्लिन जाम' म्हणतात, आणि छोट्या काडतुसांच्या १८९४ या मॉडेलमध्ये तो जास्त दिसतो. उपाय आधीच करायचा: नवी असतानाच त्या टोकाची कड बारीक पॉलिश पेपरने गोल करायची आणि तिथे ग्रीसचा ठिपका ठेवायचा. माप कमी करायचं नाही, फक्त धार मोडायची.

साफसफाई सोपी आहे, हे मार्लिनचं दुसरं मोठेपण. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर खाली निघते, बोल्ट मागे सरकतो, आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते, म्हणजे नळीच्या तोंडावरचे पीळ घासले जात नाहीत. मात्र स्क्रूच्या खाचेत तंतोतंत बसणारा पेचकस वापरा, साध्या पेचकसने खाच फाटते. डाव्या भिंतीतला एजेक्टर सुटा असतो आणि तो जमिनीवर पडून हरवतो. जोडताना तो आधी बसवायचा, मग बोल्ट.

काडतुसांबाबत एक नियम मोडायचा नाही. नळकांड्यात एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं टोक टेकतं, म्हणून टणक अणकुचीदार गोळी कधीच भरायची नाही, धक्क्याने पुढच्या काडतुसाच्या शेपटीतली बार पेटवणारी टोपी पेटू शकते. सपाट टोकाची गोळी, किंवा हॉर्नाडीने यासाठीच काढलेली मऊ रबरी टोकाची.

किमतीबद्दल. एसबीएल बाजारात आली तेव्हा कंपनीचा भाव १,३९९ डॉलर होता, २०२३ मध्ये अक्रोडाच्या दस्त्यासह आलेल्या ३३६ क्लासिकचा १,२३९. मार्लिन कधीकाळी शेतकऱ्याची आणि लाकूडतोड्याची रायफल होती, त्या ग्राहकाला हा भाव जड आहे. दर्जा परत आला आणि ज्याच्यासाठी तो होता तो माणूस दाराबाहेर राहिला, याची आम्हाला मनापासून खंत वाटते. तरीही एकच घ्यायची असेल तर आम्ही ३३६ क्लासिक सांगू. तिच्या ३०-३० काडतुसाचा धक्का खांदा सोसतो, आणि दुर्बिणीशिवायही ती काखेत नीट मावते. अस्वलांच्या मुलखात राहणाऱ्यांनीच ४५-७०चं ओझं घ्यावं.

जुनं नाव ठेवून बंदूक आतून नव्याने आखायची रुगरची वाट कोल्टनेही धरली. २०२० मध्ये परत आलेली पायथन जुनीची नक्कल नाही, आतून पुन्हा आखलेली, कमी भागांची रिव्हॉल्व्हर आहे. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि तिच्या लिव्हर रायफली आज जपानमध्ये मिरोकू बनवते, कामही देखणं करते. खुद्द रेमिंग्टनचा इलियनचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद होऊन काम जॉर्जियातल्या लाग्रेंजला गेलं. इथे धास्ती वाटते ती याची, की नॉर्थ हेवनमध्ये जे घडलं तेच पुन्हा घडायला नको. तिथल्या रायफली घेताना नळी, सांधा आणि चाप वर सांगितल्याप्रमाणेच तपासा.

जुनी घ्यायची असेल तर नुसत्या 'जेएम'वर जाऊ नका. मालकी बदलल्यानंतरही शिल्लक नळ्या वापरल्या गेल्या, आणि नॉर्थ हेवनच्या अखेरच्या वर्षांतलं काम उतरलेलं होतं. क्रमांक बघा. २००१ नंतरच्या रायफलींत पहिले दोन आकडे २१०० मधून वजा केले की साल मिळतं: ९५ असेल तर २००५. 'एमआर'ने सुरू होणारा क्रमांक रेमिंग्टनच्या काळातला, 'आरएम'चा रुगरचा. दोन अक्षरांची अदलाबदल वाचण्यात चूक झाली तर रेमलिनसाठी रुगरचा भाव मोजला जाईल, म्हणून क्रमांक भिंगातून वाचा आणि पावतीवर लिहून घ्या.