ड्रॅक्युला तारखेप्रमाणे वाचून: मे ते नोव्हेंबर

वाचनाचा कंटाळा असलेला माणूस ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (1897) बहुतेक पाचव्या प्रकरणाशी अडकतो. आधीची चार प्रकरणं काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात कोंडलेल्या हार्कर या तरुण इंग्रज वकिलाची, अंगावर येणारी. आणि मग अचानक मीना अन् लूसी या दोन मैत्रिणींची लग्नाबिग्नाची पत्रं. उपाय पुस्तकातच आहे. सगळी कादंबरी रोजनिशी, पत्रं, तारा अन् कात्रणांची, जवळपास प्रत्येक नोंदीवर तारीख. छापील क्रम सोडायचा आणि ज्या तारखेची नोंद त्याच दिवशी वाचायची, 3 मे ते 6 नोव्हेंबर. मग ती पत्रं हार्करच्या कैदेच्या मधेमधे येतात आणि बोचतात. सातव्या प्रकरणात एकगठ्ठा आलेली, ड्रॅक्युलाला इंग्लंडला आणणाऱ्या जहाजाची नोंदवही जुलैभर पसरते. खलाशी एकेक करून गायब होतात तेही त्याच चालीनं.

मूळ इंग्रजी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, क्रमांक 345. साध्या मजकुराची फाइल एक एमबीच्याही आत, एकदा उतरवली की शेतात रेंज नसली तरी चालतं. जागलीवर वाचत असाल तर पडदा काळा, अक्षरं पांढरी अन् उजेड अगदी कमी ठेवा. पांढऱ्या पडद्यावरून मान वर केली की अंधारातलं रानडुक्कर लवकर दिसत नाही.

सुरुवात सोपी जाते. 3 मेच्या नोंदीत हार्कर न्याहारीला मक्याच्या पिठाची लापशी अन् खिमा भरलेलं वांगं खातो. वऱ्हाडातल्या वाचकाला तिथंच तो ओळखीचा वाटू लागतो. जूनमध्ये नोंदी विरळ, पेरणीच्या धावपळीत बरं पडतं. 24 जुलै आणि 1 ऑगस्टला म्हातारा स्वेल्स यॉर्कशायरच्या बोलीत बोलतो, तिथं शब्दकोश हात टेकतो. ते संवाद वरवर चाळा. 6 ऑगस्टचं त्याचं बोलणं मात्र सोडू नका.

सप्टेंबरात लूसीला चार पुरुषांचं रक्त देतात, गट न बघता. रक्तगटांचा शोध 1901 च्या सुमाराचा, म्हणजे पुस्तकानंतरचा. सिकलसेलच्या तपासणीमुळे रक्ताचे रिपोर्ट घरोघरी माहीत असलेल्या भागात हे वाचताना भुतापेक्षा डॉक्टरचीच भीती वाटते.

खरी अडचण पुढं आहे. प्रकरणं 15 ते 23, म्हणजे 27 पैकी नऊ, 26 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर एवढ्यात कोंबली आहेत, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची सोंगणी. बहुतेकांचं वाचन इथंच तुटतं. हट्ट धरू नका. हा गठ्ठा दिवाळीपर्यंत लांबवा. ड्रॅक्युलानं सोबत आणलेल्या मातीच्या पन्नास पेट्या शोधायच्या बैठका लांबलचक आहेतच, त्या भराभर उरका. 3 ऑक्टोबरच्या नोंदी तेवढ्या नीट वाचा, मीनावरचा हल्ला तिथं उघड होतो.

सिनेमे पाहून आलेल्यांचा दोनदा हिरमोड होतो. काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. उन्हानं मरणं 1922 च्या 'नोस्फेराटू' या मूकपटातून आलं. शेवटी त्याला मारतात तेही खुंटी ठोकून नव्हे, सुऱ्यांनी.

सहा महिने धीर धरणं जमणार नसेल, तर शेरिडन ल फान्यूची 'कार्मिला' ही रक्तपिपासू भुताचीच गोष्ट घ्या. 1872 ची, ड्रॅक्युलाच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी. कार्मिलाला आणणारी घोडागाडी दुसऱ्याच प्रकरणात उलटते. तोवर पकड बसली नाही तर पुस्तक ठेवून द्या.