लग्न, पेपर की संस्था? तालुक्याच्या गावात कॅमेरा घेऊन उतरणाऱ्यांसाठी

कराड, विटा, फलटण, बार्शी अशा गावांत स्वतंत्र फोटोग्राफी करायची म्हटली की तीन वाटा दिसतात. लग्नाच्या ऑर्डरी, वर्तमानपत्रांना फोटो देणं, आणि नवी मुलं जिच्याबद्दल सहसा विचारतच नाहीत ती तिसरी, संस्थांचे कार्यक्रम. म्हणजे पतसंस्था, साखर कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेज, हॉस्पिटल. तिन्ही थोडं थोडं करणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलाच. पण सुरुवातीला जोर कशावर द्यायचा हे ठरवावंच लागतं. गावात एकदा ‘लग्नवाला’ किंवा ‘पेपरवाला’ हा शिक्का बसला की तो पुसायला वर्षं जातात.

दिवसाच्या दरावरून तुलना करायला गेलात तर लग्नच जिंकणार, त्यात बोलण्यासारखं काही नाही. खरा फरक पैसा वर्षात केव्हा येतो याचा आहे. तुळशीचं लग्न लागलं की सीझन उघडतो आणि आषाढी एकादशी आली की आटोपतो. मधले चार महिने चातुर्मासाचे. हल्ली गौण काळातले मुहूर्त काढून लग्नं लागतात, पण गावाकडे त्यांच्यावर घर चालवता येईल इतकी ती नसतात. कॅमेऱ्याच्या कर्जाचा हप्ता काही चातुर्मास पाळत नाही.

गंमत अशी की संस्थांचं काम नेमकं याच महिन्यांत दाटतं. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पतसंस्था, सोसायट्या, कारखाने यांच्या सभा एकामागून एक लागतात. त्यातच १५ ऑगस्ट, गणपती, ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन. दसऱ्याच्या आगेमागे कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळी टाकून हंगामाची सुरुवात. फक्त डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं लग्नांच्या तारखांवर आदळतात, तेव्हा हाताखाली एक विश्वासू माणूस हवाच.

पेपरचं काम बारमाही आहे. मिळणारे पैसे मात्र असे की पेट्रोलचा हिशेब मांडू नये.

आता अडकणाऱ्या पैशाबद्दल. लग्नात बुकिंगला ॲडव्हान्स, लग्नाच्या दिवशी मोठा हिस्सा आणि आल्बम हातात दिल्यावर बाकी, अशी सर्वसाधारण पद्धत. ही शेवटची बाकीच सगळ्यात चिवट. पार्टी वाईट असते असं नाही. नवरा-नवरी पुण्याला नोकरीवर निघून जातात, हजारो फोटोंतून निवड करायला त्यांना वेळ होत नाही, सासूबाई म्हणतात सून आली की बघू, आणि आल्बम लटकतो. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच निवडीची मुदत लिहावी आणि बाकी रक्कम आल्बम छापायला टाकण्याआधी घ्यावी. संस्थेत उलटं असतं. ॲडव्हान्स क्वचितच मिळतो, बिल द्यायचं, ते मीटिंगमध्ये मंजूर होणार, कधी टीडीएस कापून जमा होणार. उशीर होतो, पण पैसे बुडाल्याचं फारसं ऐकलं नाही. लेटरहेड आणि पॅन एवढ्यावर भागतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी नोंदणी करावी लागते, तोवर त्या भानगडीत पडू नका.

पुढाऱ्यांच्या कार्यक्रमांना मी चौथी वाट मानत नाही. पैसे आधी आणि रोख घ्यावेत. निकाल विरोधात गेला की तुमचा फोन कोणी उचलत नाही, आणि बाजूने लागला तर तुम्ही ‘त्यांचा माणूस’ ठरता.

भांडवल सगळ्यात जास्त लग्नाला लागतं. मंगलाष्टका संपतात, ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि हार पडतात. हे सगळं काही सेकंदांत. समोर व्हिडिओवाल्याचा दिवा, मध्ये मामांचा मोबाईल, आणि ‘पुन्हा एकदा घ्या’ म्हणायची सोय नाही. म्हणून दोन कॅमेरे, दोन कार्डांची बॉडी आणि रात्रीच डेटाची दुसरी प्रत, यांत काटकसर चालत नाही. ड्रोन तर आता लोक मागतातच. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर लागतं. जत्रेत, मिरवणुकीत पोलिसांची बंदी असू शकते, ती वेगळी.

पेपरला एक कॅमेरा, एक झूम लेन्स पुरते. तिथे किंमत वेळेची. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, लवकर सुटते, त्यामुळे फोटो जागेवरूनच मोबाईलवर घेऊन पाठवायचा, खाली ‘डावीकडून’ म्हणत नावं बिनचूक लिहायची. साध्या सत्काराचा फोटो आता वार्ताहर स्वतःच मोबाईलवर काढतो. तुम्हाला बोलावणं येतं ते मोबाईल जिथे हात टेकतो तिथे: रात्रीची आग, कुस्तीचं मैदान, पालखीचं रिंगण. किंवा २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला आला तसा महापूर. एका चौकटीत गोष्ट सांगायची सवय या कामात जितकी लागते तितकी दुसरीकडे कुठेच लागत नाही. मुंबईचे सुधारक ओलवे वृत्तछायाचित्रकारच. त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण अधूनमधून फोटो छापून आले म्हणजे पत्रकाराचं कार्ड मिळेल असं समजू नका. अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची, तिचे निकष वेगळे.

संस्थेच्या कामाला मुलं नाक मुरडतात. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार. यात काय कला? कला माणसं ओळखण्यात आहे. चेअरमनच्या शेजारी कोण उभं राहतं, कोणते दोन संचालक एका चौकटीत नको असतात, गेल्या वर्षीच्या अहवालात कोणाचा फोटो राहिला होता, हे ज्याला ठाऊक तो टिकतो. एक संचालक सुटला की पुढच्या वर्षी फोटोग्राफर बदलतो, इतकं ते सरळ आहे. सत्कारात देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात. तो फोटो अहवालासाठी काढायचाच. पण त्याच्या आधी, नाव पुकारल्यावर निवृत्त होणारा शिपाई उठतो, टोपी सारखी करतो, हात पँटीला पुसतो आणि स्टेजच्या पायरीशी क्षणभर थांबतो, तोही काढून ठेवावा. तो फोटो त्याच्या घरी भिंतीवर लागतो, आणि पुढच्या वर्षी त्याच्या नातीच्या बारशाचा फोन तुम्हाला येतो.

घरगुती कार्यक्रमांची कामं अशीच येतात. सहस्रचंद्रदर्शन, साठीशांत, डोहाळजेवण, श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर. शेवटच्या दोन ठिकाणी घरचे बाई फोटोग्राफर मागतात आणि गावात त्या अजून मोजक्याच आहेत. हे वाचणारी मुलगी असेल तर तिने याचा जरूर विचार करावा. आणि एक फोन सगळ्यांनाच येतो: म्हातारं माणूस गेलेलं असतं, श्रद्धांजलीला फोटो हवा असतो, घरात एकही धड नसतो. मग कुठल्याशा लग्नाच्या गर्दीतून तो चेहरा कापून काढायचा. जुना डेटा पुसू नये तो यासाठी. या कामाचे पैसे मी घेत नाही, तुम्ही तुमचं बघा.

हक्काच्या बाबतीत तर चित्र पार उलटं होतं. बऱ्याच जणांना वाटतं, बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी सांगून आणि मोबदला देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो ग्राहक असतो. लग्नाचे आणि संस्थेचे फोटो यात येतात. नवरीचा फोटो विचारल्याशिवाय दुकानाच्या फ्लेक्सवर लावलात तर बाजू तुमची लंगडी आहे. पेपरचे नोकर नसाल आणि कोणी न सांगता स्वतःहून काढलेला फोटो दिलात, तर मालकी तुमची राहते. ती लेखी करारानेच दुसऱ्याकडे जाते आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षांचीच धरली जाते. सगळ्यात कमी पैशाचं काम सगळ्यात जास्त तुमचं. संस्थेच्या बिलावर ‘फोटो स्वतःच्या कामात वापरण्याचा हक्क छायाचित्रकाराकडे’ अशी ओळ टाकून दोन्हीकडून सही घ्या. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघते तेव्हा संस्थेला जुने फोटो सापडत नाहीत, आणि ते तुमच्या हार्ड डिस्कवर असतात.

कर्ज काढून कॅमेरा घेतला असेल तर लग्नंच धरा, पण पहिला सीझन कोणाच्या तरी हाताखाली दुसरा फोटोग्राफर म्हणून काढा. घरी शेती किंवा कोणाची नोकरी असेल आणि वय पंचविशीच्या आत असेल, तर दोनेक वर्षं पेपरला द्या, नजर तयार होते. त्याहून जास्त देऊ नका. बाकी सगळ्यांना माझं मत संस्थांचं: कणा त्याचा ठेवा आणि झेपतील तेवढीच लग्नं घ्या. संस्थांच्या सचिवांना मात्र जूनमध्येच, अहवाल छपाईला जाण्याआधी भेटा. सोबत आल्बम नेऊ नका, कुठल्याही सभेचे छापलेले दहा-बारा फोटो आणि दरपत्रक न्या. ऑगस्टमध्ये गेलात तर मागच्या वर्षीचा माणूस ठरलेला असतो.